तीन नंबरचं झाकण

पहिल्यांदाच इथं लिहितोय, थोडं इकडंतिकडं होईल, सांभाळून घ्या.

आमचं घर बौद्ध. अंगात येणं, नजर उतरवणं, लिंबू-मिरची, हे सगळं आजोबांनीच घराबाहेर काढलेलं. त्यात माझा धंदा अलार्म आणि कॅमेऱ्यांचा. लोक घाबरून फोन करतात की कॅमेऱ्यात काहीतरी पांढरं हलतंय... मी जातो, लेन्सवरचं कोळ्याचं जाळं पुसतो आणि चहा पिऊन येतो. त्यामुळं इथले भुताखेताचे अनुभव मी निव्वळ टाइमपास म्हणून वाचायचो. हसायचोसुद्धा.

उस्मानपुऱ्यात माझं दुकान आहे. तिथून गाडीवर पाच मिनिटांवर करीम सरांचं घर (नाव बदललंय). सरांनी मला देवगाव रंगारीच्या शाळेत गणित शिकवलं. त्यांच्या बायकोला आम्ही सगळी पोरं खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. मधल्या सुट्टीत डबा न आणलेल्या पोरांना खाला घरी बोलवून जेवू घालायची, आणि डबा न आणणाऱ्यांत मी कायम असायचो. रिटायर झाल्यावर दोघं शहरात आले. मुलगी कतारला. आईबाप एकटे राहतात म्हणून तिनंच माझ्याकडून घरात अलार्म बसवून घेतला. दाराजवळ पॅनल आणि धूर ओळखणारे चार डिटेक्टर — एक नंबर हॉलमध्ये, दोन नंबर जिन्यात, तीन नंबर बेडरूममध्ये, चार नंबर वरच्या खोलीत.

आता खालाची एक सवय. दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी संध्याकाळी, ती बेडरूममध्ये लोबान जाळायची. धूर झाला की तीन नंबर बोंबलणार. दोन-तीन गुरुवार झाले आणि तिचा फोन आला, "सुनील बेटा, ये तेरा डब्बा हर जुमेरात को चिल्लाता. निकाल के लेके जा."

मी गेलो. नव्या डिटेक्टरवर एक नारिंगी प्लास्टिकचं झाकण येतं, रंगकामाची धूळ आत जाऊ नये म्हणून. तसलं एक बॅगेत पडलं होतं, ते दिलं. म्हटलं, "खाला, लोबान लावताना हे घालायचं, धूर गेला की काढायचं. सोप्पंय." ती खूश झाली. मला बसवून खिचडी-खट्टा खाऊ घातला.

ज्या माणसानं गावभर सांगत फिरायचं की झाकण कधीही घालून ठेवू नका, त्यानंच हे सांगितलं. हातानं नेऊन दिलं.

यंदाच्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी दुपारी सर जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. खाला बेडरूमचं दार लावून झोपली होती. कूलरची वायर जळाली, मग गादी धुमसली, मग पडदे. हॉलचा डिटेक्टर वाजला, पण दाराच्या फटीतून धूर बाहेर येईपर्यंत फार उशीर झाला होता. बेडरूममधला वाजलाच नाही.

मय्यतीला गेलो. खांदा दिला. सरांच्या तोंडाकडं मात्र बघितलं नाही. झाकण राहिलं होतं का, हे मी कुणाला विचारलं नाही, कारण उत्तर मला ऐकायचं नव्हतं.

दोन महिन्यांनी सरांचाच फोन आला. "रंग झालाय. तुझे ते डबे खराब झालेत, बदलून दे बाबा. पोरगी रोज विचारती."

सकाळी अकराच्या सुमाराला पोचलो. सर निम्मे झाले होते. पलंग हॉलमध्ये आणून टाकलेला. म्हणाले, "त्या खोलीत मी जात नाय. तू कर, मी इथं पॅनलपाशी थांबतो."

एक, दोन आणि चार काजळीनं काळे झाले होते, ते आधी बदलले. तीन नंबर मुद्दाम शेवटी ठेवला. तो छतावर अर्धा वितळून तसाच लटकत होता... आणि त्याच्या जाळीवर नारिंगी प्लास्टिक ओघळून घट्ट बसलेलं होतं. मी स्टुलावरच बसलो. मग तो वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेच्या तळाशी लपवला. चोरासारखा.

नवीन बसवला. छताची धूळ पडत होती म्हणून झाकण तसंच ठेवलं. दुकानातून निघताना मी प्रत्येक झाकणावर मार्करनं नंबर टाकतो, तसा यावरही मोठा ३ टाकलेला होता.

मग टेस्टिंग. मी डिटेक्टरखाली उदबत्ती धरतो, सायरन वाजतो आणि पॅनलपाशी उभा असलेला माणूस तिथं आलेला नंबर ओरडून सांगतो. पहिल्यांदा सिस्टिम बसवली तेव्हा सरांनी त्याची पण हजेरी करून टाकली होती. "एक नंबर... हजर!" खाला किचनमध्ये पोट धरून हसली होती. आज सर तेच म्हणत होते, पण आवाजात जीव नव्हता. "एक नंबर, हजर. दोन नंबर, हजर. चार नंबर, हजर."

तोवर उदबत्ती संपली. नवी लावायला किचनमध्ये गेलो. काडी अजून ओढलीही नव्हती — आणि सायरन वाजला.

सर म्हणाले, "तीन नंबर..." पुढं हजर म्हणालेच नाहीत.

मी पळत बेडरूममध्ये गेलो. धूर नव्हता. लोबानचा वास आला, अंगावर काटा आला, असलं काही मी सांगणार नाही, कारण तसलं काही झालं नाही. रिकामी, नव्या रंगाची खोली. फक्त डिटेक्टरवर झाकण नव्हतं.

स्टुलाखाली बघितलं, बॅग उलटी केली, खिसे चाचपले. नाही.

सायरन बंद करून मी सरांसमोर खाली फरशीवर बसलो आणि मला राहवेना. सगळं ओकलो. "सर, ते झाकण खालाला मीच दिलं होतं. मी दिलं नसतं तर..." चाळिशीचा बाप्या, हमसून रडलो.

सर उठले. हॉलच्या कपाटातून एक स्टीलचा डबा काढून आणला. "लोबानचा आहे. ती गेल्यापासून उघडला नाय. झाकण काढलं की यातच ठेवायचो आम्ही, पुढच्या जुमेरातीला सापडावं म्हणून." डबा इतका घट्ट बसलेला की चमच्याच्या दांड्यानं उचकटावा लागला.

आत लोबानचे खडे होते आणि त्यांच्यावर नारिंगी झाकण होतं. सरांनी ते उलटं केलं. त्यावर माझ्या अक्षरातला ३ होता.

सर ते घेऊन पलंगावर बसले.

"तिचे गुडघे दुखायचे, म्हणून झाकण काढायचं काम माझं," ते हळूहळू बोलायला लागले. "त्या जुमेरातीला मी टीव्हीवर मॅच बघत होतो. ती किचनमधून बोलली, झाकण निकाले क्या जी? मी म्हणलो, हौ, निकाला. उठलोच नव्हतो रे. बसल्या बसल्या हौ म्हणलो. तिला खरं वाटलं."

मी त्यांचा हात धरला. शाळेत ज्या हाताची भीती वाटायची, तोच हा हात.

"आज तिनं स्वतः काढलं," सर म्हणाले. "माफ केलं म्हणू, का माझ्यावर भरोसाच राहिला नाय म्हणू? तू सांग."

माझा एक मित्र म्हणतो, धूळ गेली असेल म्हणून वाजला, झाकण तूच काढून कुठंतरी ठेवलं असशील. वाजण्याचं मान्य. पण तो डबा कुठं असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. आणि सर पॅनलपासून हलले नव्हते.

झाकण सरांनी मला परत दिलं नाही. त्याच डब्यात ठेवलंय. दर शुक्रवारी नमाजाहून आले की त्यांचा फोन येतो. त्या खोलीत ते अजूनही जात नाहीत.

"सुनील, झाकण काढलेलं आहे ना रे?"

काढलेलंच आहे, मला माहीत असतं. पण फोनवर मी हो म्हणत नाही. "आलो सर," म्हणतो, दुकानाचं शटर अर्धं ओढतो आणि जाऊन बघून येतो.