शंभर वॅटचा जावई

भारत सरकारने रीतसर परीक्षा घेऊन मला रेडिओवर बोलायचा परवाना दिला आहे आणि माझ्या सासुरवाडीने तो मनातल्या मनात रद्द केलेला आहे.

मी हौशी रेडिओवाला, म्हणजे हॅम. अंबाजोगाईत कॉलेजवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचं आणि उरलेल्या वेळात गच्चीवर तारा ताणून जपान-रशियाशी बोलायचं. बायको सुनीता एकदा म्हणाली, "काय बोलता एवढं त्या रशियावाल्याशी?"

"त्याला माझा आवाज ऐकू येतो का, ते विचारतो."

"आन् तो?"

"तोही तेच विचारतो."

(त्यानंतर तिने या विषयावर मला काही विचारलेलं नाही.)

तर ते दुष्काळाचं वर्ष होतं. सासुरवाडी आष्टी तालुक्यात. मामा, म्हणजे माझे सासरे, गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. संस्थेने तीन टँकर लावले होते, एक जनावरांच्या छावणीला आणि दोन डोंगराआडच्या दोन वस्त्यांना. डोंगराआड मोबाईलला रेंज नाही, म्हणून माझा मेहुणा दत्ता याने सिटीझन बँडचे छोटे रेडिओ आणून टँकरांत बसवले होते. एक संस्थेच्या ऑफिसात होता, त्यावर तो स्वतः बसे.

सुट्टीत आम्ही तिकडे गेलो. माझा सेट गाडीत होताच; पोचल्या पोचल्या मी तो घरात मांडून त्याची तार छपरावर उंच ताणली. दत्ताचं यंत्र पाहिलं आणि माझ्यातला परीक्षक जागा झाला.

"परवाना कुठाय याचा?"

"लागत न्हाई, दाजी. पाच वॅटच्या आत हाय. सरकार काई इचारत न्हाई."

ते खरंच होतं, म्हणून मला जास्त लागलं. चहा येईपर्यंत मी सगळ्यांना कायदा समजावून सांगितला. सिटीझन बँडला परीक्षा नाही, नाव सांगावं लागत नाही, पण ताकद चिमूटभर. हॅमला परीक्षा, ताकद भरपूर, प्रत्येकाला सरकारने दिलेलं संकेतनाव. ते बोलताना सांगावंच लागतं. आणि हॅमवर धंद्याचं, कामकाजाचं अवाक्षर काढायचं नाही.

दत्ताने बशी खाली ठेवली. "म्हंजी परीक्षा दिऊन तुमी कामाचं बोलायचीच मनाई करून घेतली?"

मामा खोकले. जावयासमोर हसायचं नसतं, म्हणून ते खोकत असत. तो खोकला माझ्या फार आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीचा हौद गळाला. वस्तीकडे निघालेला गफूरभाईंचा टँकर तिकडे वळवायचा होता. दत्ता हाका मारून दमला, पण गफूरभाई डोंगरामागे उतरले होते आणि पाच वॅटला काही डोंगर चढवत नव्हता. मामा अंगणात येरझाऱ्या घालू लागले. मी म्हणालो, "थांबा."

हॅमचा सेट सिटीझन बँडच्या पट्ट्यावर बोलत नाही. बनवणाऱ्यानेच तशी सोय केलेली असते. ती सोय मी एका रिकाम्या रविवारी आतली एक तार कापून मोडली होती. (केवळ ज्ञानासाठी.) सुनीता दारातून म्हणाली, "कालच तर म्हणालात, चालत नाही म्हणून." मी तिला हाताने गप्प केलं, माईक उचलला आणि शंभर वॅटने बोललो, "टँकर छावणीकडे वळवा. ताबडतोब छावणीकडे वळवा."

कुठला टँकर, ते सांगायचं राहिलं.

माझ्या उंच तारेवर तिन्ही ड्रायव्हरांचं उत्तर एकदम आलं. तीन आवाज एकत्र आले की रेडिओतून नुसती किंकाळी येते. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा किंकाळी. मी आणखी ठासून सांगितलं. तिकडे ऑफिसात दत्ता जीव तोडून "एकच! एकच!" ओरडत होता, पण माझ्या शंभर वॅटखाली त्याचे पाच वॅट कोणाला ऐकू जाणार? शेवटी तो पळत आला. "दाजी, बंद करा. संस्थेच्या भोंग्यातून बी तुमीच बोलायलाव!"

आम्ही छावणीवर पोचलो तेव्हा अरुंद रस्त्यावर तिन्ही टँकर एकामागे एक अडकले होते. कोणालाच मागे फिरता येईना. मधल्या टँकरमधून गफूरभाई उतरले. "जावईसाब, लई जोरात बोलले तुमी. कानठळ्या बसल्या. मी म्हटलं, कलेक्टरच आला रेडिओवर."

दोन्ही वस्त्या दुपारपर्यंत कोरड्या राहिल्या. बायका घागरी घेऊन उन्हात संस्थेवर आल्या. कोण बोललं, याची चौकशी करावी लागली नाही.

"दाजी," दत्ता हळूच म्हणाला, "दर टायमाला शेवटी ते इंग्रजीत काय म्हणत व्हता?"

"माझं संकेतनाव. सवयीने निघालं तोंडातून."

"म्हंजी चोरी करायची आन् आपला पत्ता सांगत सुटायचं."

मी गफूरभाईंच्या शेजारी बसून दोन्ही वस्त्यांवर गेलो. पाईप धरला, घागरी भरल्या, उचलूनही दिल्या. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण मी गावचा जावई! बायका पदर सावरून गप्प उभ्या राहिल्या. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "बाबा, तुमचं काय चुकलं? यंत्रच खराब आसंल." तेव्हा मात्र मला डोळे वर करवेनात.

संध्याकाळी सासूबाईंनी मला अंघोळीला बादलीभर पाणी काढलं. घरात बाकीच्यांना तांब्या-तांब्या. मी बादली गोठ्यात नेऊन म्हशीपुढे ठेवली आणि ओसरीवर मामांसमोर जाऊन बसलो. ते सुपारी कातरत होते.

"जावईबापू, असलं करू नये, हे तुमच्या परीक्षेत इचारलं नव्हतं का?"

"होतं, मामा."

"मंग तुमी काय लिवलं?"

"की याला परवानगी नाही."

"मार्क?"

"पूर्ण मिळाले."

मामांनी अडकित्ता खाली ठेवला आणि सुनीताकडे वळून म्हणाले, "पोरी, लई हुशार हाय म्हून तर दिली व्हती तुला."