दादाची न थांबणारी सायकल

काल अमरावतीत माझ्या दादाचा वाढदिवस झाला. पंच्याऐंशी पूर्ण… तरी पुरणपोळी मागून घेऊन खाल्ली त्यानं. त्याला जेवताना बघून मला अकोल्यातली एक दुपार आठवली, आणि म्हटलं आज लिहूनच टाकावं.

साठ सालानंतरची गोष्ट. तेव्हा गावोगाव न थांबता सायकल चालवायचे खेळ व्हायचे. मैदानात दोरी बांधून गोल आखायचे आणि एखादा तरुण त्यात दिवसरात्र सायकलवर… जेवण, आंघोळ, दाढी सगळं सायकलवरच. भोंग्यावर गाणी लागायची, लोक येऊन हार घालायचे.

दादा अमरावतीला सायकलच्या दुकानात कामाला होता. आम्ही नुकतेच बौद्ध झालेलो. आपल्या वस्तीतल्या पोराचं नाव अख्ख्या वऱ्हाडात व्हावं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. अकोल्यात खेळ ठरला तसं त्यानं नाव दिलं. माझं सासर अकोल्याचं, म्हणून डबा न्यायचं काम माझ्याकडे.

सोबत त्याचा मित्र सुधाकर आला होता. सुधाकरच्या मोठ्या भावाला डॉक्टरांनी वजन कमी करायला गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या घेतल्या की झोप येत नाही, भूक लागत नाही आणि अंगात तरतरी येते, हे या दोघांना पत्ते खेळता खेळता कळलं होतं. गंमत म्हणून घेतलेल्या गोळ्या… त्याच सुधाकरनं खिशात आणल्या. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

सुरुवातीला दादा छान चालवत होता. मग एका सकाळी डबा घेऊन गेले, तर त्याचे डोळे एकदम चमकदार. गप्पा थांबेनात. भाकरी पुढे केली तर म्हणाला, "मले भूकच नाई वं. पाणीबी नको. असाच दिल्लीपर्यंत जातो का नाई पाह्य!" लोक टाळ्या वाजवत होते. मलाही कौतुकच वाटलं, खोटं कशाला सांगू…

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. अकोल्याचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. दादाचा चेहरा लालभडक, पण घामाचा टिपूस नाही. दात करकर खात होता. हातावर काही नसताना मुंग्या झटकत होता, आणि शेजारी कुणी चालतंय असं समजून त्याच्याशी बोलत होता.

मी दोरी ओलांडून आत गेले. "दादा, उतर नं आता!" तर माझ्यावरच ओरडला, "तू कोन होय? मले पाडाले आली काय?" जन्मात कधी तो माझ्याशी असं बोलला नव्हता. मला त्यानं ओळखलंच नव्हतं.

सुधाकर तंबूजवळ पांढराफटक होऊन उभा होता. त्याला हलवून विचारलं, तेव्हा रडतच म्हणाला, "गोळ्या देल्ल्या ताई. पैली उतरली का तो डुलक्या खाये, मंग दुसरी. आता तं उतराच्या आधीच मांगून राहिला…"

आयोजकांकडे धावले. ते म्हणाले, संध्याकाळी मोठी मंडळी येणार आहेत, तोवर चालू द्या. दोघातिघांनी सायकल धरायचा प्रयत्न केला, तर दादा जास्तच जोरात पळवायला लागला. आता हा पडणार आणि जाणार, असंच वाटलं मला.

भोंग्यावर बोलायला हबीबभाई म्हणून एक गृहस्थ होते. खेळ जितका लांबेल तितकं त्यांचं काम. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बहन, तो तुमचं ऐकत नाई, माझंबी नाई. भोंग्याचं तेवढं ऐकून राहिला. थांबा…"

गाणं बंद झालं. माईकवर त्यांचा आवाज घुमला. "अमरावतीच्या आपल्या पठ्ठ्यानं बाजी मारली! खेळ खतम! आता त्यानं सायकल हळू करावी, अन् सत्काराले खाली उतरावं!"

असं काहीच ठरलेलं नव्हतं. आयोजक धावत अंगावर आले, पण हबीबभाईंनी माईक सोडला नाही. "हळू… अजून हळू… शाबास…" म्हणत राहिले. आणि दादानं खरंच ब्रेक लावला. हसत हसत उतरला, आणि उतरताच पाय दुमडून आमच्या हातात कोसळला.

टांग्यात घालून दवाखान्यात नेला. सुधाकरनं काहीच न लपवता, काय दिलं आणि किती दिलं ते सगळं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी आधी ओल्या चादरीनं अंग गार केलं, सलाईन लावलं. म्हणाले, "थकवा गेला नव्हता हो, फक्त कळत नव्हता. एकावर एक गोळी पडत गेली आणि सगळा ताण हृदयावर आला. आणखी थोडा वेळ चालवली असती, तर वाचला नसता."

दादा वाचला. नंतर किती तरी झोपला. पुढे बरेच दिवस मात्र अकोल्यात माझ्याच घरी भिंतीकडे तोंड करून गप्प पडून असायचा, तेही त्या गोळ्यांचंच देणं. सावरायला वेळ लागला…

आपण जिंकलोच नव्हतो, हे त्याला बऱ्याच दिवसांनी कळलं. मला वाटलं चिडेल. तो उठला, चपला घातल्या आणि मला म्हणाला, "चाल, मले हबीबभाईच्या घरी घेऊन चाल."

तिथं दारातच त्यांच्या पायाला हात लावायला वाकला. हबीबभाईंनी त्याला वरच्या वर धरलं. आधी विचारलं, "जेवला का रे?"

माझी नात सांगते, तिच्या क्लासमधली काही मुलं जागायला कुणाच्या तरी गोळ्या घेतात, आणि उतरली की पुन्हा घेतात. पोरांनो, नका रे… आणि कुणी घेतलीच असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

त्या एका खोट्यापायी हबीबभाईंचं अकोल्यातलं भोंग्याचं काम सुटलं, असं मागून समजलं. त्यांनी स्वतः आम्हाला ते कधीच सांगितलं नाही.