वेशीवरच्या मनोऱ्याचा सज्जा

माइस्टरने बोटाच्या पेराने टेकूवर टकटक केलं आणि दगडाचा हातभर पापुद्रा सुटून परांचीच्या फळीवर पडला. दोन तुकडे झाले. आम्ही दोघं त्या तुकड्यांकडे बघत राहिलो. टेकू मी घडवलेला होता. बसवून तीनच हिवाळे झाले होते.

माइस्टर म्हणजे आमच्या दगडकामाच्या वर्कशॉपचा मालक, क्राउझे. आमचं गाव हायडेलबर्गपासून तासाभरावर, नेकर नदीच्या काठी. बघण्यासारखं म्हणाल तर दगडी पूल, मिठाचं जुनं कोठार, चर्च आणि वेशीवरचा मनोरा. पोस्टकार्डावर हेच चार. मनोऱ्याला वर गोल सज्जा होता, त्याला खालून आठ दगडी टेकू. नाताळच्या आधीचे चार रविवार त्या सज्ज्यावरून पितळी वाद्यं वाजायची. त्यात ट्रम्पेट क्राउझेचं. आधी त्याच्या बापाचं, त्याआधी आज्याचं.

पापुद्रा पडला त्याच्या तीन वर्षं आधी आठातले चार टेकू झिजले होते, ते नवे करायचे होते. नेमकं तेव्हाच क्राउझेच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. टेकू माझ्यावर आले.

मी चौथी शिकलेला, साताऱ्याकडच्या पाथरवटाच्या घरचा. बोटीवर खलाशी होतो, हॅम्बुर्गला उतरलो तो राहिलोच. पंचवीस वर्षं इथे रस्त्याचे काळे दगड आणि थडग्यांचे ग्रॅनाइट घडवले. त्या दगडांना थर नसतात. कसेही फिरवा, कुठेही बसवा. लाल दगड तसा नाही. तो वाळूचा, भाकऱ्यांच्या चवडीसारखा थरावर थर. खाणीत जसा आडवा असतो तसाच भिंतीत आडवा ठेवायचा. चवड उभी केली की पहिली भाकरी गळून पडते, तसं होतं. थरात पाणी शिरतं, थंडीत गोठून फुगतं आणि पुढचा थर ढकलून देतं.

हे मला आज कळतं असं नाही. क्राउझेने तेव्हाही सांगितलं होतं. सांगून न थांबता त्याने प्रत्येक ठोकळ्यावर खडूने रेषा मारल्या होत्या, थर कुठून कुठे जातात त्या. पण बापाची शिकवण अशी की दगडाला आधी आंघोळ, मग छिन्नी. पाणी ओतायचं, हात जोडायचे, मग पहिला घाव. इतकी वर्षं मी तेच केलं. तेव्हाही केलं. खडू वाहून गेला.

ठोकळे मशीनने चारी बाजूंनी कापलेले, रंग एकसारखा, थर डोळ्यांना दिसेनात. वर्कशॉपमध्ये आणखी दोघं होते, दोघंही माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्यांना विचारायचं? मी हाताने चाचपलं, दगड मला वाटला तसा फिरवला आणि छिन्नी लावली.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून क्राउझेचा फोन घरी आला.

"महादू, रेषा बघूनच कापतोयस ना?"

"गेनाऊ, अगदी तसंच," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

ही पोळ्या लाटत होती. "अहो, कसल्या रेषा?"

"तुला काय करायचंय?"

"मला काय. खोटं बोलताना तुम्ही भिंतीकडे बघता, एवढंच."

पापुद्रा पडल्यावर जुन्या इमारती सांभाळणाऱ्या ऑफिसातून फ्राउ ब्रांट नावाच्या बाई आल्या. हातोडी घेऊन एकेक टेकू वाजवत गेल्या. भरीव दगड घंटेसारखा वाजतो, आतून सुटलेला फुटक्या मडक्यासारखा. माझे चारही मडक्यासारखे वाजले. ते ढिले पडले तसा भार जुन्या चारांवर गेला होता, त्यातल्या दोनांना चिरा पडल्या होत्या.

"कोणी घडवले हे?" त्यांनी विचारलं.

"माझ्या वर्कशॉपने," क्राउझे म्हणाला.

"कोणत्या माणसाने?"

"आल्झो, हे बघा, वर्कशॉप माझं आहे."

मी बाजूलाच उभा होतो. त्या शिडी उतरून गेल्या तेव्हा म्हणालो, "माइस्टर, रेषा मी धुतल्या होत्या."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"धुतल्याशिवाय तू दगडाला छिन्नी लावत नाहीस, हे मी वीस वर्षं बघतोय. हॉस्पिटलात पडल्यावर आठवलं. म्हणून तर फोन केला होता."

एवढंच बोलला. शिडीचा एकेक दांडा धरत, गुडघा सांभाळत खाली उतरला.

सज्जा उतरवायचा असं ठरलं. पुन्हा बांधायचा खर्च करायला कोणी तयार झालं नाही. क्रेनने तीन दिवसांत दगड खाली आणले. टेकूंच्या जागी आठ भोकं राहिली, ती बुजवली, त्यावरून जस्ताचा पत्रा फिरवला. त्या डिसेंबरात क्राउझे मनोऱ्याच्या पायाशी उभा राहून वाजवत होता. आवाज पलीकडच्या बेकरीपर्यंत जेमतेम गेला. दुसऱ्या रविवारी तो आला नाही. नंतर कधीच आला नाही.

त्याने मला कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. रिटायर होईपर्यंत मी तिथेच थडगी घडवली, आणि दगड धुऊनच घडवले. पोस्टकार्डावर सज्जा अजून आहे, ते कोणी बदललेलं नाही.

लाल दगड उभा लावू नये. कुठली बाजू आडवी ते कळत नसेल तर फोनवर तसं सांगावं. बाकी मला शिकवण्यासारखं काही नाही.