उपासाला पेढा चालतो

माझ्या आत्याचं तोंड वयाच्या सहाव्या वर्षी बंद झालं. आज सकाळी ती गेली, तेव्हाही ते बंदच होतं.

हे अलंकारिक नाही. मी एक्स-रे टेक्निशियन आहे. मोजलेलं सांगते: जोर लावूनही दात उघडायचे ते चार मिलिमीटर.

सत्तरच्या दशकात, मोहाडीजवळच्या आमच्या गावात ती बैलबंडीवरून पडली. हनुवटीला टाके पडले. कानापुढचा जबड्याचा सांधा मोडलाय, हे कोणी पाहिलं नाही.
सांधा हाडानं भरत गेला. खालचा जबडा वाढायचा थांबला.

एक दाढ काढून फट केली होती. त्यातून ती मऊ भात बोटानं आत ढकलायची.
चुलीकडे तोंड, दाराकडे पाठ.

गावाला मात्र सुमनआत्या माहीत होती ती उपासांसाठी.
सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी. एखादं लग्न बुधवारी आलं तर नवस निघायचा.
पंगतीत ती कायम वाढायला. बायका तिच्या पाया पडायच्या.

भाताची रोवणी संपली की दोन-दोन आठवडे ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. घरचे सांगायचे, "सुमनचं मौन हाये."
डिप्रेशन हा शब्द तिच्या एकाही कागदावर नाही.

काही वर्षांपूर्वी मीच तिचा ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला.
त्या मशीनमध्ये समोरच्या दातांनी एक छोटा दांडा चावावा लागतो. तिला जमेना. मी तो काढून हनुवटीचा आधार लावला.
फिल्मवर दोन्ही बाजूंना सांध्याची काळी रेघ दिसायला हवी. नव्हती. जबडा आणि कवटी, एकच हाड.

सर्जन म्हणाले, ऑपरेशन अजूनही होईल. लहानपणीही झालं असतं.

बाहेर बाकावर बसून आत्यानं मला पहिल्यांदा सांगितलं.

ऐंशीच्या दशकात, ती एकोणीसची असताना, लाखांदूरकडचं स्थळ आलं होतं. हनुवटी आत गेलेली दिसत होती. मुलाची आई म्हणाली, "हनुवटीले काय पाहाचं? हात पाहा पोरीचे." पसंती झाली.

मग त्या बाईनं पेढा उचलला. "घे माय, तोंड गोड कर."

आजोबा घाईनं म्हणाले, "सोमवार हाये जी. उपास हाये तिचा."

"अवो, पेढा तं उपासाले चालते!" सगळे हसले.

पेढा ओठांवर दाबला गेला. फुटला. पदरावर सांडला.
"उघड ना वं." बाईनं बोटानं ओठ बाजूला केले. आत मिटलेले दात.
चहा तसाच ठेवून पाहुणे उठले.

"बाबाले उपास सुचला," आत्या म्हणाली, "पन पेढा चालते, थे नाई सुचलं."
आणि हसली. बंद दातांतून हसू शिट्टीसारखं येतं.

तिचे उपास त्या दिवसापासूनचे.

मी विचारलं, "मग करायचं का ऑपरेशन?"
"आता कायले वं? आता कोनासंगं जेवाचं हाये मले?"

 

आज सकाळी गंगाजल आणि तुळशीचं पान आलं. शेजारच्या काकूंनी अंगठा तिच्या हनुवटीवर ठेवला.
"तोंड उघडा तिचं. पानी तं जाऊ द्या आत."

मी त्यांचं मनगट धरलं. जरा जोरातच धरलं असावं.
"काकू, ते उघडत नाही. हाड आहे."
"मंग?"
"ओठांवर ठेवा."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. पान ओठांवर ठेवलं. पाणी गालावरून ओघळलं, ते मी पुसलं.


आज बुधवार आहे, आत्या. उपास नाही, नवस नाही. कोणाला काही खोटं सांगावं लागलं नाही.

ये आता.