चुळीचं पाणी

कुठल्या चिरुटाबरोबर काय प्यावं, हे मला चांगलं कळतं. पण ही विद्या मी घरात कधी दाखवलेली नाही. मागं जावई परदेशातून उंची चिरुटांची पेटी घेऊन आले आणि म्हणाले, "बाबा, हे रमबरोबर घेतात की ब्रँडीबरोबर?" मी म्हणालो, "मला काय ठाऊक!" साफ खोटं बोललो. खरं सांगायचं तर आत्यापासून सुरुवात करावी लागली असती.

मी ही विद्या शिकलो ती दुष्काळात. तुळजापूर भागात हमरस्त्याच्या कडेला एक सहकारी साखर कारखाना उभा राहत होता. रानात ऊस औषधालाही नव्हता, आणि आमचं धुराडं मात्र वर वर चढत होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! मी तिथं रोजंदारीवर टायपिस्ट होतो, राहायलाही तिथंच होतो. गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतला पहिला ग्रॅज्युएट, म्हणून इंग्रजी बोलणाऱ्या पाहुण्यांची सरबराईही माझ्याच गळ्यात आली. चेअरमन म्हणाले होते, "मशिनरीवाल्या साहेबाला खूश ठेवा. पुढच्या मीटिंगला तुम्हाला कायम करून टाकू." त्या 'कायम' शब्दासाठी मी त्या काळात काहीही केलं असतं. आणि केलंच.

साहेब म्हातारा होता, हौशी होता आणि माणूस म्हणून वाईट नव्हता. रविवारी दुपारी चारच्या सुमाराला तो गेस्ट हाउसच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसायचा आणि मला समोर बसवून शिकवायचा. फिक्या रंगाचा चिरूट बिअरबरोबर, कारण दोघंही हलके. काळपट चिरूट रमबरोबर, कारण रमला गुळाची गोडी असते आणि ती धुराचा कडवटपणा सांभाळून घेते. रम मळीची, म्हणजे साखर कारखान्याची भावकीच. मला तीच आवडायची. शेवटी चिरूट अर्ध्याच्या खाली आला आणि जड झाला की ब्रँडी. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवून सोडायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक पेय संपलं की दुसऱ्याआधी साध्या पाण्यानं दोनदा चूळ भरायची, नाहीतर रमची चव ब्रँडीत उतरते. आम्ही पितळी तांब्यातून पाणी घ्यायचो आणि कठड्यावरून खाली थुंकायचो. गेस्ट हाउसला कारखान्याचा वेगळा टँकर होता.

वस्तीला टँकर यायचा चौथ्या दिवशी. तोही आधी गावात रिकामा होऊन, तळाचा गाळ घेऊन आमच्याकडं यायचा. मला आत्यानं वाढवलं. आई गेली तेव्हा माझी बहीण रांगत होती. आत्या नवऱ्याचं घर सोडून आली ती आमचीच झाली. तिला आयुष्यात एकच शौक होता, मिसरी. अणदूरच्या बाजारातून तंबाखू आणायची, तव्यावर काळी भाजायची, वाटायची आणि सकाळी वस्तीतल्या बुद्धविहाराच्या कट्ट्यावर बसून दातांना घासायची. त्या वर्षी तिनं मिसरी सोडली. मी विचारलं तर म्हणाली, "मिसरी लावली की चूळ भरावी लागती लेका. चुळीला पाणी कुठनं आणू?" मी हसलो होतो.

असाच एक रविवार. बिअर झाली होती, रम संपत आली होती, साहेबानं मला माझा पहिला आख्खा चिरूट दिला होता. फाटकातून आत्या आत आली. डोक्यावर रिकामी घागर. दोन कोस उन्हात चालून आलेली. बहीण बाळंतपणाला आलेली होती, बाळ तीन दिवसांचं होतं, आणि टँकर आलाच नव्हता, हा निरोप मला सकाळीच मिळाला होता. ती पायरीशी थांबली. तिनं माझ्या हातातला चिरूट पाहिला, पेला पाहिला.

साहेबानं इंग्रजीत विचारलं, कोण आहे ही बाई?

'माझी आत्या' हे दोन शब्द. ते बोलायला काय लागत होतं? साहेबानं उठून तिला खुर्चीसुद्धा दिली असती. पण मला वाटलं, हे चेअरमनच्या कानावर जाईल; आज घागर दिली तर उद्या अख्खी वस्ती फाटकात उभी राहील, आणि माझं कायम होणं राहील बाजूला. मी म्हणालो, "गावातली आहे. काम मागायला आली असेल."

इंग्रजी तिला येत नव्हतं. पण माझं तोंड तिला लहानपणापासून वाचता येत होतं. घागर कमरेवर घेत ती म्हणाली, "व्हय साहेब, कामाचंच इचाराया आले हुते. तुमी बसा निवांत."

तुमी. मला. साहेब.

ती वळली. तेवढ्यात साहेबानं तांब्या पुढं केला, रम संपली होती. मी चूळ भरली आणि थुंकलो. पाणी खाली मुरुमावर पडल्याचा आवाज झाला आणि आत्यानं फाटकातून मागं वळून पाहिलं.

साहेबानं निघताना मला आणखी एक चिरूट दिला, काळपट, सोनेरी पट्टीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घेऊन मी वस्तीवर गेलो. कारखान्याच्या टँकरमधून घागर भरून न्यायची तर चेअरमनना विचारावं लागलं असतं. चिरूट खिशातच होता. मी इतका हलकट आणि इतका आळशी एकाच वेळी होतो. बहिणीला शेजारच्या घरांनी तांब्या तांब्या पाणी दिलं होतं. ती माझ्याशी बोलली नाही. आत्या बोलली. चिरूट हातात घेऊन तिनं हुंगला. "तंबाखू लई झ्याक हाय की रं," म्हणाली, आणि सोनेरी पट्टी काढून, चिरूट मोडून तव्यावर टाकला.

"अगं, तो ओढायचा असतो! किती भारी आहे माहितीय का?" मी ओरडलो. गाढवाला गुळाची चव काय, असंही मनात आलं. हो, तेव्हाही आलं.

तिनं तो काळाभोर भाजला, वाटला, शेजारणींना चिमूट चिमूट वाटला. मग कट्ट्यावर बसून किती तरी महिन्यांनी दातांना मिसरी लावली. डोळे मिटून, सावकाश. तिला खरंच आवडली होती. तिच्या मनात टोमणा नव्हता, मला मारायला तिला टोमण्याची गरजही नव्हती. तोंड काळं झालेलं, तिनं माझ्याकडं हात पुढं केला आणि अगदी सहज विचारलं,

"पाणी आणलंस न्हवं? चूळ भराया."

मी खाली बघत राहिलो. तिनं पदराच्या शेवानं दात पुसले, जीभ पुसली आणि उठून बाळाकडं गेली.

पुढच्या मीटिंगला मी कायम झालो.