देऊ नका की देऊन टाका

"देऊ... का," एवढंच फोनातून आलं आणि सिस्टरनं सुई भरली. गंगापूरच्या दवाखान्यात खाटेवर तापानं फणफणलेले आमचे जावई, पायथ्याशी मी, त्यांची सासू, आणि फोनवर शहरातल्या मोठ्या डॉक्टरांचा आवाज चाळणीतून गाळल्यासारखा. सिस्टर म्हणाली, "इंजेक्शन देऊ का विचारलं, देऊन टाका म्हणाले." जावयांनी डोळे न उघडता बोट वर केलं. "आवाज तुटला. पुन्हा म्हणायला लावा." मी म्हणाले, "जावई, इथं जीव चाललाय अन् तुम्ही आवाज कसले मोजताय? गप पडा!"

कुठलीही गोष्ट सुखानं सुरू होऊ न देणारा असा माणूस दुसरा नसेल. जावई घर बघायला गेले तेव्हा यांनी सगळे नळ एकदम सोडले आणि धार बघायला वरच्या मजल्यावर धावले. मालकानं हाकलून दिलं. नातीच्या बारशाला "सगळ्यांनी एकदम चहा मागितला तर?" म्हणून भरल्या घरात शेगडीची परीक्षा घेत बसले. निम्मे पाहुणे चहा न पिताच गेले. पोटापाण्याचं कामही असलंच. या दवाखान्याच्या शहरातल्या आणि गावोगावच्या शाखांत इंटरनेटवरून बोलायचे फोन बसवायचे होते; ती लाइन किती बोलणं पेलते हे आधी बघायचं. आमच्याकडे लाइन म्हणजे वीज. यांनी शिपायाला विचारलं, "लाइनीवर भार कधी येतो?" तो म्हणाला, "पिठाची गिरणी सुरू झाली की." यांनी गंभीरपणे मान हलवली.

दवाखान्याच्या मालकानं सुट्टीच्या सकाळी दोघांना बोलायला लावलं, छान ऐकू आलं, फोन सुरू. जावई अडून बसले. "रिकाम्या रस्त्यानं सायकल गेली म्हणजे वरात जाईल व्हय? बाजाराच्या दिवशी, एक्स-रेचे फोटो त्याच लाइनीनं शहरात जात असताना मोजायचं." मालक हसला. मीही हसले. तरी बाजाराच्या दिवशी हे मोजायला आलेच, आणि मोजता मोजता तापानं आडवे झाले.

"फोटो... थांबवा," ते पुटपुटले. सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं. मला त्यांच्या अकलेचा भरवसा नव्हता, हेकेखोरपणाचा होता. त्यांचं ऐकल्याशिवाय हे सुई टोचू देणार नाहीत. मी शेजारच्या खोलीत जाऊन ओरडले, "बंद करा ते फोटो!"

फोनातला आवाज एकदम शेजारी बसल्यासारखा आला. "देऊ नका! नका म्हणतोय! त्यांचा जुना केसपेपर माझ्यासमोर आहे, त्यांना ते औषध चालत नाही, मागं श्वास कोंडला होता!"

सिस्टरनं सुई ठेवून दिली.

माणूस काही सुधारला नाही. अजून फोनवर निरोप दिला की विचारतात, "मामी, मी काय म्हणालो?" पूर्वी मी फोन ठेवून द्यायचे. आता पहिल्यापासून म्हणून दाखवते, शेवटचं अक्षरही सोडत नाही.

त्या दुपारी आमचे जावई वाचले ते त्यांच्या असल्याच खोडीनं.