दिवेलागणीचं ‘बरं आहे’

रत्नागिरीच्या त्या दवाखान्यात सगुणा रात्रपाळीची नर्स होती. विधवा बाई, घरी अंथरुणाला खिळलेली सासू. घाटीची चढण चढून दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंतच तिचे पाय बोलू लागत.

दिवेलागणीलाच पाळी बदलायची, आणि त्या वेळी अभद्र बोलायचं नाही, हे तर सगळ्याजणी आईच्या पोटातून शिकून आलेल्या. दिवसपाळीची गंगुबाई दिव्याला हात जोडून म्हणायची, सगळं बरं आहे, आणि निघायची. डॉक्टर काय सांगायचं ते तिलाच सांगून टेनिस खेळायला गेलेले असत. त्यांचं सांगणं गंगुबाईच्या पोटात, आणि पोट तिच्याबरोबर घरी.

असल्या ‘बरं आहे’वर विसंबल्याने मंडणगडची बाळंतीण गोदा हकनाक गेली. सगुणाने डॉक्टरांना विनवलं, दिव्याआधी आपण तिघं खाटेपाशी उभं राहून बोलू या. ते हसले. तुमच्या दिव्यावर माझ्याकडे औषध नाही, म्हणाले. मग सगुणाच सासूला लवकर भरवून, दिव्याआधी गंगुबाईकडून ऐकायला उन्हातान्हाची येऊ लागली. झोप मोडायची ती तिची.

एकदा आभाळ भरून आलं नि दिवा लवकर लागला. सगुणा धापा टाकत पोचली, तर गंगुबाई हात जोडून उभी. कोपऱ्यात पावस गावची मालन, सकाळीच बाळंत झालेली, तोंड चुन्यासारखं पांढरं.

“सगळं बरं आहे,” गंगुबाई खाली बघून म्हणाली.

सगुणाला संताप आला, त्याहून जास्त शीण आला. ती दिव्यापाशी गेली आणि तिने फुंकर मारली. विधवेने, बाळंतिणीसमोर, तोंडाने दिवा विझवला. बायकांनी तोंडाला पदर लावले.

“आता दिवा नाय,” सगुणा म्हणाली. “आता बोल.”

गंगुबाईला रडू फुटलं. “रगात थांबत नाय गो. डाक्टर सांगून गेलेत, वाढलं तर लगेच बोलवा म्हणून.”

डॉक्टरांना खेळातून उठवून आणलं. मालन वाचली.

त्यानंतर डॉक्टर ऊन असतानाच खाटांपाशी येऊ लागले, खेळ बुडाल्याचं तोंड करून. सगुणाच्या हातचं पाणी मात्र बायका घेईनात. मालनला न्यायला आलेल्या सासूने दारातच बाळावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि निखारे मागितले. सगुणानेच शेगडी पुढे केली. कुणाची दृष्ट लागली म्हणून काढली, हे तिला कळलं. वाईट वाटलं, फार वाटलं. तेवढ्यात गंगुबाईने हाक मारली, आणि ती पहिल्या खाटेपाशी ऐकायला जाऊन उभी राहिली.